बियाण्याच्या अळ्यांना पिवळा पाला

यंदा आमच्या पतंगांनी कागदावर अंडी घातली ती इकडे चार, तिकडे दोन, मोहरी सांडल्यासारखी. पुढच्या वसंतात रेशमाच्या अळ्या यायच्या त्या याच अंड्यांतून. आईनं कागद उजेडाकडे धरला आणि सरळ वहिनीकडे बघितलं.

"जिच्या घरी पाळणा हलत नाही तिनं पतंगाला हात लावला की असंच होणार. फांगयुन, सामान आवर नि माहेरी जा. लिन आला की बघू."

लिन म्हणजे माझा दादा. तो शांघायला मालाच्या बोटीवर. त्याला विचारतंय कोण.

मला राहवेना. "आई, अळ्यांना खायला काय घातलंस ते सांग की."

"शाळा सोडून बसलीस, आणि मला शिकवतेस?"

त्यात शिकवायचंय काय? डोळे आहेत मला. ज्यांचे कोष विकायचे त्यांना तुतीचा ताजा, हिरवागार पाला. बियाण्यासाठी ठेवलेल्यांना पिवळा, वाळका, तोही अर्धपोटी. पतंग कोष फोडून बाहेर येतो, म्हणून त्यांचं रेशीम निघत नाही, मग लाड कशाला! पण पतंग झाल्यावर ते काही खातच नाहीत. अळी असताना पोटात गेलं त्यातूनच सगळी अंडी. उपाशी अळीचा पतंग होतो नखाएवढा. त्याच्या पोटात अंडी मावणार कुठं?

मी खाटेखाली एक टोपली लपवली होती. तिच्यातल्या अळ्यांना चांगला पाला मिळत होता, आणि पतंग निघाले ते हे एवढे, पोट ओढत चालणारे. त्यांचा कागद आणून आईपुढं आपटला. अंड्यांखाली कागद दिसत नव्हता.

आईचा चेहरा खुलला. "बघ, तुझ्या हाताला गुण आहे."

"माझ्या नाही. पाला वहिनीनं घातला. पतंगही तिनंच कागदावर ठेवले."

आईनं कागद पुन्हा उजेडाकडे धरला. मला वाटलं, आता तरी चूक कबूल करेल. तर म्हणते, "म्हणजे माझे पतंग हिनं मुद्दाम बिघडवले."

वहिनीनं तो दाट कागद उचलला, फडक्यात गुंडाळला आणि गाठोड्यात घातला.

"आई, माझा हात वाईट ना? मग हा कागद तुमच्या घरात कशाला?"

"अगं, ठेव तो. वसंतात मी काय करू?"

"तुमचा तो विरळ कागद आहे की."

वहिनी कालव्याच्या धक्क्याकडे निघाली तशी आई दारापर्यंत धावली. "फांगयुन, राहा गं. रागात बोलले मी."

कागद गाठोड्यात नसता तर हे तोंडातून निघालं असतं का? मी चपला घातल्या.

"तू कुठं?"

"वहिनीबरोबर."

गाठोडं जड होतं. मी एक बाजू धरली.