हार्टोख आणि ब्रांकाचा अबोला

नाझींनी हॉलंडमधल्या आम्हा ज्यूंना डांबलं होतं त्या वेस्टरबोर्कच्या छावणीत माझ्या वरच्या खाटेवर ब्रांकामावशी झोपायची. अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजारात तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, हार्टोखचा, खारवलेल्या माशांचा गाडा होता. तिच्या भावाच्या लग्नात हार्टोखने सगळ्यांदेखत तिच्या माशाला नावं ठेवली आणि तेव्हापासून दोघांचा अबोला. घरात काय हवं-नको ते मांजराला सांगायचे. "सांग तिला, मीठ दे म्हणावं." मांजर बिचारं दोघांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

छावणीत मांजर कुठून आणणार? शिवाय पुरुषांची बराक वेगळी. तरी हार्टोख रोज संध्याकाळी चिखल तुडवत आमच्या दारात हजर. बायका ओरडायच्या, "मावशी, नवरदेव आले!" मग मला मध्ये उभं केलं जायचं.

"पोरी, हिला विचार, पांघरूण पुरतं का."

"त्यांना सांग, बरं सुचलं इतक्या वर्षांनी!"

दोघं हाताच्या अंतरावर, आणि मी निरोप पोचवतेय.

एके दिवशी माझा घसा बसला. आवाजच फुटेना. शेवटी हार्टोखने खिशातून कांदा काढला. छावणीच्या स्वयंपाकघरात तो बटाटे सोलायचा, तिथूनच ढापला असणार. तिच्या हातात कोंबत तो पुटपुटला, "वाळलीस गं."

"आधी तुम्ही बोललात!" मावशी किंचाळली. "तुम्ही हरलात!"

आणि मग जी सुटली! तो मासा, ते लग्न, सासूबाई, गाड्याचं मोडकं चाक. तोही कमी नव्हता. बायका खिडक्यांतून बाहेर लोंबकळल्या. गलका ऐकून पहारेकरी धावत आला.

"काय चाललंय? गप्प बसा!"

"तू मध्ये पडू नकोस!" दोघं एकदमच खेकसले आणि एकमेकांकडे बघून हसत सुटले. मावशीला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं हातात हात घालून, भांडत भांडत, छावणीच्या रस्त्यावर फिरायचे.

मग एका सोमवारी पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या गाडीसाठी दोघांची नावं पुकारली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीचं बोचकं उचलून रुळांजवळच्या कठड्यापर्यंत गेले. पुढे जाऊ देईनात. मालगाडीच्या डब्यातून तिचा आवाज येत होता.

"तुम्ही आत सरका, दाराशी वारा लागतो."

"तूच सरक. तुला खोकला आहे."

"माझं ऐकाल तर शपथ!"

दार ओढून घेतलं तरी भांडण ऐकू येत होतं. गाडी हलली. दोघंही परत आले नाहीत.