दोन्ही पक्ष हजर

वरून येणाऱ्या आवाजाची पाहणी करायला आलेल्या कोर्टाच्या कमिशनरांनी खुर्ची पंख्याच्या बरोबर खाली ओढून घेतली, पंखा बंद करायला सांगितला, मान वर केली आणि म्हणाले, "हं. होऊ द्या सुरू."

सुरू करणार कोण? टायपिस्टबाईंच्या त्या एवढ्याशा पुढच्या खोलीत वरच्या मजल्याचा भाडेकरू दाराला टेकून उभा होता. त्याचा घरमालक सोफ्यावर पाय पसरून बसला होता, आणि बाईंचे वकील रुमालाने मान पुसत होते. वरच्या घराला कुलूप होतं.

बाईंच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. पाहणीच्या वेळी दोन्ही पक्ष हजर असावेत, हे वाक्य कोर्टातल्या नोकरीत त्यांनी इतक्यांदा टाइप केलं होतं की ते आता नुसती बोटंच लिहायची, डोकं नाही. स्वतःच्या अर्जातही त्यांनी ते सवयीने ठोकून दिलं होतं. आता दोन्ही पक्ष खाली हजर, मग वर धिंगाणा घालणार कोण? आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा, तोही इतक्या सफाईने!

आणि आज काही ऐकू आलं नाही तर संपलंच. लेकीने कधीचं सांगून ठेवलं होतं, "आई, समोरच्यांना वरून फक्त गाणी ऐकू येतात. ते सामान ओढल्याचे आवाज तुलाच कसे येतात? घर विकून टाकू आणि तू चल माझ्याकडे." म्हातारीचं डोकं फिरलंय, एवढंच काय ते लेकीने तोंडाने म्हटलं नव्हतं. कमिशनरांनी कागदावर 'आवाज नाही' लिहिलं की तेही म्हणायला ती मोकळी.

तसे बाईंनी सगळे उपाय करून पाहिले होते. आधी जिन्यात गोडीने सांगितलं. मग घरमालकाला पत्र दिलं. मग पोलीस आले, भाडेकरूने हात जोडले, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तेव्हा वकील म्हणाले, "घरमालकालाही ओढू दाव्यात. उपद्रव होतोय हे माहीत असून तो गप्प बसला. दोघांवर मनाई हुकूम मागू."

"साहेब, बाईंचं वय झालंय," घरमालक म्हणाला. "कानातच वाजत असेल हो."

बाईंच्या जिभेवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं. पण त्यांची नजर भाडेकरूवर गेली. तो बेकरीत रात्रपाळीला होता. भुवयांत पीठ, डोळे लालभडक. बाई ज्याला वर्षभर मनातल्या मनात गुंड म्हणत होत्या, तो उभ्या उभ्या पेंगत होता.

आणि वर काहीतरी सरकलं.

जड होतं. एका भिंतीपासून निघालं आणि फरशी खरवडत, सावकाश, त्यांच्या डोक्यांवरून पलीकडच्या भिंतीकडे गेलं. तिथे थांबलं. दम खाल्ल्यासारखं. मग परत फिरलं.

घरमालकाने पाय जवळ घेतले. कमिशनरांचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. भाडेकरू मात्र छताकडे बघतही नव्हता. तो बाईंकडे बघत होता.

"तुम्हालाही ऐकू येतं हे?"

"म्हणजे काय? तुझ्याच घरातून तर येतंय!"

"मला वाटायचं, तुम्हीच खालून छताला काहीतरी घासता. रात्रभर भट्टीपुढे उभा असतो, दुपारी जरा आडवा झालो की हे चालू. मग गाणी लावायचो. मोठ्याने."

"अरे, पण ओढण्यासारखं आहे काय तुझ्याकडे?"

"एक गादी. आणि एक बॅग."

सगळे वर गेले. घरमालकाने किल्ली पुढे केली, पण स्वतः जिन्याच्या वळणावरच थांबला. कुलूप उघडताच आवाज थांबला. आत एक गादी होती, एक बॅग होती, आणि फरशीवर साधा ओरखडा नव्हता. कमिशनरांनी खिडकीचा बोल्ट तपासला, तो आतून लावलेला होता. खाली येऊन त्यांनी पाणी मागितलं, 'आवाज स्पष्ट ऐकू आला' एवढं लिहिलं आणि सही करून निघाले. चहालाही थांबले नाहीत.

वकील मात्र खुशीत होते. "बाई, जिंकलो! आवाज येतो हे सिद्ध झालं, बाकी आपल्याला काय करायचंय? याला बाहेर काढू."

"आजच काढतो," घरमालक लगेच म्हणाला. "मला कोर्टाची झंझट नको."

हेच तर हवं होतं बाईंना! पण हा गेला की गाणीही गेली. मग रोज दुपारी खाली त्या एकट्या, आणि वर ते.

भाडेकरू बॅग आणायला वर गेला नव्हता. जिन्याचा कठडा धरून तो पहिल्याच पायरीवर उभा होता.

"जेवलास का रे?" बाईंनी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

जेवून तो सोफ्यावर पडला आणि घोरायला लागला. वर ते पुन्हा सुरू झालं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाई त्याच्या उशाशी खुर्ची घेऊन बसल्या. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणायचं. पण शेजारी कोणीतरी घोरतंय, याचा केवढा आधार!

मागची खोली रिकामीच होती. तो तिथे राहायला आला. आईला सोबत झाली म्हणून लेक खूश झाली आणि घर विकायचा विषय मागे पडला. वकिलांचा फोन आला तेव्हा बाई त्याच्यासाठी भाजी निवडत होत्या.

"दावा मागे घेताय? अहो, जिंकलेली केस! आणि तो उपद्रवी माणूस?"

"तो आता माझ्याकडेच राहतो."

वकील हसले. "कमाल आहे तुमची! म्हणजे वरची जागा रिकामी झाली म्हणायची."

वरची फरफट भिंतीपाशी पोचून थांबली होती. बाईंनी आवाज खाली आणला.

"रिकामी कुठली हो," त्या कुजबुजल्या. "भाडेकरू आहे तिथेच आहे. आपण नोटीस भलत्यालाच दिली."