कडूबाला काढलं

शहागंजातल्या इलियासला आपल्या हाताचा भारी अभिमान होता. नवरीच्या गालावरचा मुरुम, सासऱ्याचं टक्कल, मांडवात नको तिथं घुसलेला पाहुणा, सगळं तो कॉम्प्युटरवर इतक्या सफाईनं घालवायचा, की घरच्यांनाही पत्ता लागत नसे. छावणीतल्या हॉटेलवाल्या काकासाहेबांनी दर्शनी भिंतीसाठी हर्सूल तलावाचा मावळतीचा फोटो मागितला, तेव्हा तर स्वारी हवेतच होती.

त्यानं बांधावर कॅमेरा मांडला आणि भिंगापुढं काळी काच चढवली. अशा फोटोत कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवतात. पाण्याच्या लाटा सायीसारख्या सपाट होतात आणि काठावरून फिरणारी माणसं उमटतच नाहीत. जे जागचं हलत नाही, तेवढंच फोटोत येतं.

बांधावर सारजाबाई कणसं भाजायची. तिचा तरणा कडूबा मागच्या पावसाळ्यात म्हैस धुवायला पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. यमाला नकोसा वाटावा म्हणून तिनं त्याचं नाव कडू ठेवलं होतं, पण यमानं नाव विचारलं नसावं. गळ टाकून झाले, पाणबुडे उतरले, देह काही मिळाला नाही. म्हणून ती त्याला मेला म्हणत नसे. पाण्यात हाय, म्हणायची.

कॅमेरा पाहून ती जवळ आली. "माझ्या कडूबाला काढ रं, बाबा."

फोटो काढणं हा तर इलियासचा धंदाच. पोराची आठवण म्हणून म्हातारीला तळ्याचा फोटो हवा असेल, असं त्यानं धरलं. "काढतो ना, मावशी," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

दुकानात येऊन पाहतो तर फोटो झकास. आकाश केशरी, पलीकडच्या इमारती सोन्यात बुडालेल्या. त्यानं अंधारलेलं पाणी थोडं उजळलं आणि प्रत काकासाहेबांना मोबाइलवर पाठवून दिली. मग बारीक काम करायला चित्र मोठं केलं, तेव्हा पाण्यात मधोमध डाग दिसला. आणखी मोठं केलं. छातीभर पाण्यात एक माणूस बांधाकडं तोंड करून उभा होता. भोवतीचं सगळं धूसर, आणि त्याच्या शर्टाची गुंडी न् गुंडी स्वच्छ. तिथं तर हत्ती बुडेल एवढं पाणी होतं.

इलियासच्या अंगावर काटा आला. पण हाताला सवय पडलेली. त्यानं शेजारचं पाणी उचललं आणि त्या माणसावर पांघरलं. डाग गेला, तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं, आणि ही नवी प्रतही त्यानं काकासाहेबांना पाठवली.

दुसऱ्याच दिवशी सारजाबाई दुकानाच्या पायरीशी हजर. काढलास का, म्हणून विचारू लागली. त्याच्या डोक्यात तो डागच होता. काढला, तो बोलून गेला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "तरीच," ती म्हणाली. "सकाळी दार उघडलं, तर घरात उभा." बाईचं डोकं फिरलं म्हणून इलियासला वाईट वाटलं.

ती गेली आणि काकासाहेबांचा फोन आला. नवी प्रत त्यांना बेचव वाटत होती. पहिल्यात पाण्यात माणूस होता, त्यानंच फोटोत जीव होता, त्याला परत पाण्यात घाला, असा त्यांचा हुकूम. अवघड काहीच नव्हतं. मूळ फोटो शाबूत होता, एक बटण दाबायचं. इलियासचं बोट मात्र पुढं सरकेना. तो उठला आणि म्हातारीचं घर शोधत हर्सूलला गेला.

सारजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. कोपऱ्यात कडूबा दाराकडं तोंड करून उभा होता. तोच शर्ट, त्याच गुंड्या. पापणी लवत नव्हती. छातीखाली तिनं गोधडी गुंडाळली होती आणि गोधडीखालून पाणी पाझरून उंबऱ्याकडं येत होतं.

"जेवत नाय, बोलत नाय, हलत बी नाय," ती सांगू लागली. पण डोळ्यांपुढं आहे, तेवढं पुरे, असं म्हणत तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग एकाएकी घाबरून तिनं विचारलं, "आता पुन्यांदा पाण्यात तर नाय ना जायाचा?"

इलियासला भीती होतीच, पण त्याहून दया मोठी होती. त्यानं तिथूनच काकासाहेबांना फोन लावला, मूळ फोटो पुसला गेला, दुसरा फोटोवाला बघा, असं सांगितलं आणि त्यांच्या शिव्या मुकाट्यानं ऐकून घेतल्या. "नाही जाणार, मावशी," तो म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं हात धुतले, लेकाची गोधडी नीट खोचली आणि लाजत लाजत, शेजारणीकडं विरजण मागावं तशी म्हणाली, "वरचा निम्मा आलाय, बाबा. आता खालचा बी काढ की."