दिपूची फळी, माझं वजन

संध्याकाळी सड्यावरून, गावावरच्या कातळमाळावरून, उताराला लागलेल्या चाकांचा आवाज आधी यायचा, आणि मग दिपू. काजूच्या मोहोराचा वास हवेत दाटलेला असायचा, दिवसभर कातळावर तापलेलं ऊन परतीच्या वाटेला लागून तांबूस झालेलं असायचं, आणि त्या तांबूस उजेडात माझा धाकटा भाऊ एका लांबट फळीवर उभा राहून, हात पसरून, कमरेत किंचित वाकून, डावी-उजवीकडे झुलत आमच्या घराच्या खिडकीखालून निघून जायचा. लाँगबोर्ड म्हणतात त्या फळीला. खाली चार चाकं, वर माणूस, आणि माणसाच्या आत, दिपूच्या बाबतीत, फारसं काहीच नाही. बघणाऱ्याला वाटावं, वाऱ्यानं झावळीचं पातं उचलून नेलं. मलाही तसंच वाटायचं. फरक एवढाच, की झावळी निदान चुलीत घालता येते.

त्याचं सगळंच हलकं होतं. पाऊल हलकं, हसू हलकं, शब्द तर इतके हलके की दिल्यावर परत घ्यायलाही त्याला कष्ट पडत नसत. कामाला तो हात लावायचा तो बोटांच्या टोकांनी, जणू कामाचा डाग लागेल. कधी तारकर्लीला पाहुण्यांना समुद्र दाखवायचा, कधी गोव्यात कुणाच्या हॉटेलात असायचा, कधी कुठे असायचा ते त्यालाच ठाऊक. आणि जिथून निघायचा तिथे मागे वळून बघायची सवय त्याला नव्हती. गावाला मात्र त्याचं भारी कौतुक. ‘काय तोल आसा पोराचो!’ म्हणायचे. ज्याच्या खांद्यावर कधी काही ठेवलंच गेलं नाही, त्याचा तोल जाणार कशानं, हा प्रश्न कुणाला पडत नसे.

माझं तसं नाही. माझं वजन भरपूर आहे. हायस्कुलात वर्गावर निघाले की मी येण्याआधी बाकं गप्प होतात, आणि ते केवळ माझ्या मराठीच्या तासाच्या धाकानं नव्हे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हेच वजन कामाला आलं. तिच्या काखेत हात घालून, पाय रोवून, मी मागे रेलले की ती उठून बसायची. सकाळ-संध्याकाळ हेच चालायचं. त्या सगळ्या काळात दिपू एका दुपारी आला, तिच्या उशाशी चहा निवेपर्यंत बसला आणि फळी घेऊन उतारावर गेला. पुढे आईला तोच एक नाद लागला. रस्त्यावर पाववाल्याची सायकल जरी खडखडली, तरी ती खिडकीकडे मान वळवून विचारायची, “दिपू इलो काय गो?” माझा हात तिच्या पाठीखाली असायचा, आणि ती चौकशी करायची त्याची. मला तेव्हा राग आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला आला.

आईचं वर्षश्राद्ध आटोपलं त्या दुपारी, जेवणावळ उठल्यावर, त्यानं मला त्या फळीवर चढवलं. दुःखात माणसं करू नयेत त्या गोष्टी करतात, त्यातलीच ही एक. पाहुणे पडवीत पानं खात बसले होते. फळी माझ्याखाली तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखी थरथरली, आंब्याच्या वळणाशी मी अशी आदळले की मनगट मोडलं, आणि सगळ्यांत आधी हसला तो दिपू. “बाय, तू नको गो! रस्तो खचतलो!” पाहुणेही हसले. दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि फळी पडवीतच विसरून गेला. माणसं विसरणाऱ्यानं फळी विसरली, यात नवल नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा मी ठरवलं, आंब्याच्या वळणापलीकडे उभ्यानं जायचं. त्या फळीवरूनच जायचं. फळी उलटी करून पडवीत मांडली आणि तिची पाहणी केली. चाकांचा आस ज्यात बसतो त्या लोखंडी बुडाला ट्रक म्हणतात; त्यात दोन रबरी बुश असतात, आणि माणूस झुकला की ते दबतात म्हणून फळी वळते. दिपूचे बुश लोण्यासारखे मऊ होते आणि एकाच बाजूनं झिजलेले. इतकी वर्षं तो दोन्हीकडे सारखा झुलतो असं गाव समजत होतं. गडी कायम आपल्या सोयीच्या बाजूलाच कलत होता. हे बघून मला झालेला आनंद फार थोर मनाचा नव्हता.

चूक मीही केली. फळी हलते ना, मग मधला नट आवळा, असं म्हणून पान्यानं तो फिरेनासा होईस्तोवर आवळला. मऊ रबर बाजूंनी फुगून फाटलं, आणि फळी हलायची ती हललीच. मग शांतपणे वाचलं, विचार केला. हलकं रबर कितीही आवळलं तरी भार घेत नाही. भार घ्यायला मुळातच कठीण रबर लागतं. मी कठीण, सरळ घडणीचे बुश मागवले, नट बेताचा ठेवला. ट्रक रुंद बसवले, होडीला बाजूनं उलांडीचा, तरंगत्या ओंडक्याचा, आधार असतो तसे. आणि फळी अशी जोडली की ती जमिनीच्या जवळ आली. लवचीक फळीवर माझा पाय झोपाळ्यावर असल्यासारखा वाटायचा, म्हणून तीही बदलून जाड, ताठ घेतली. दिपूचं म्हणावं असं त्यात आता चाकांखेरीज काही उरलं नव्हतं. मग शाळेमागच्या सपाट रस्त्यावर पाय फाकवून, गुडघे वाकवून, वजन पुढच्या पायावर देऊन उभं राहायला शिकले. “बाईनू, ह्या वयात?” शाळेशेजारची शांताकाकी कुंपणावरून ओरडायची. मी म्हणायचे, ह्याच वयात.

अशात दिपूचा फोन आला. “शिमग्याक येतंय. बोर्ड न्हेतलंय.” आईचं नाव नाही, माझ्या मनगटाचं नाव नाही.

तो यायच्या आदल्या संध्याकाळी मी सड्यावर गेले. सुरंगीच्या फुलांचा वास खालून वर येत होता. उतार सुरू झाला तेव्हा भीती पायात उतरली, आणि पायातून त्या कठीण रबरात. आणि रबरानं ती घेतली. फळी थरथरली नाही. आंब्याचं वळण आलं, मी कलले, ती सावकाश, बैलगाडीच्या डौलानं, वळली. पलीकडच्या सपाटीवर मी उभीच होते. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसून चांगली रडले.

दिपू आला तो तसाच, हलका. होळीच्या गर्दीत चार जणांना टाळ्या दिल्या, आणि उतारावर जाऊन, सवयीनं हात पसरून, पडवीतून उचललेल्या त्या फळीवर, ती बदललीय हे न बघताच, चढला. गाव बघत होतं. आंब्याशी तो झुकला. फळी झुकली नाही. त्याच्या अंगात तिला दाबण्याएवढं वजनच नव्हतं. ती सरळ गेली, आणि तो उडी मारून काजूच्या कुंपणात.

“ह्या काय केलंस गो बाय? ही वळनाच नाय!”

“माका वळता,” मी म्हटलं.

त्यानं अंगाची धूळ झटकली, हसला, “ऱ्हवांदे, तुकाच,” म्हणाला, आणि दोन दिवसांनी गेला. त्या हसण्यात लाज नव्हती, खंत नव्हती. हरणंसुद्धा त्याच्या अंगाला चिकटत नाही. मी मात्र त्या वळणाशीच उभी राहिले, कारण इतकी वर्षं त्याच्याकडून जे जिंकायचं होतं, आईचं ते मान वळवून बघणं, ते त्याच्याकडे नव्हतंच.

आता रोज संध्याकाळी मी उतारावरून येते. माझ्या चाकांचा आवाज त्याच्यासारखा तरंगत येत नाही. जड, भरलेला, घरंगळत येतो. खिडकी बंद असते, आतली आईची खाट कधीच कुणीतरी नेली. तरी तिथून जाताना, गेलेला काळ क्षणभर मान वळवून बघतो आणि तोच प्रश्न विचारतो, “दिपू इलो काय गो?” आणि वजन पुढच्या पायावर ठेवून, न थांबता, मी दर वेळी सांगते, “नाय गो आये. मी आसंय.”