नवरीच्या टुटूतला केस

माझी बायको मार्सलीन एकेचाळीस वर्षं पॅरिसच्या एका मोठ्या नाट्यगृहात बॅलेचे टुटू, म्हणजे नाचणाऱ्या मुलींचे जाळीचे घेरदार झगे, शिवायची. मी तिथंच रंगमंचामागे पडदे ओढायचो. जानेवारीत ती गेली. त्याच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात मला म्हणाली, "रेमों, लग्नाआधी मी माझा एक केस शिवला होता. नवरीच्या टुटूत. जाऊन शोध. गंमत आहे."

केसाची रीत मला ठाऊक होती. इथल्या शिवणाऱ्या मुली गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या झग्यात, खालच्या काठात, आपला एक केस गुपचूप शिवून टाकतात. ज्याचा केस, त्याचं वर्षाच्या आत लग्न जमतं म्हणे. टुटू शिवणाऱ्यांकडे लग्नाचे झगे कुठून येणार? पण एका बॅलेच्या शेवटच्या अंकात लग्न असतं, आणि तिथली नवरी टुटूच घालते.

मार्चमध्ये कळलं की कोठारातले जुने टुटू शुक्रवारी मोडीत निघणार. चोळ्या आणि तारा ठेवायच्या, जाळी कापून टाकायची. मंगळवारी सकाळीच मी गेलो. तिचा केस कचऱ्यात जाऊ द्यायचा नव्हता.

कोठार सांभाळणारी बर्तील मार्सलीनच्याच हाताखाली शिकली. आता साठीला आली आहे. काय शोधायचंय ते मी सांगितलं. तिनं मला आत सोडलं आणि म्हणाली, "बघा सावकाश. मी जेवून येते."

टुटू उलटे टांगतात, म्हणजे जाळी दबून चपटी होत नाही. मी इतकी वर्षं बाजूच्या इमारतीत काढली, पण या रांगांमधून कधी चाललो नव्हतो. पहिल्या रांगेत जुन्या बॅलेंसाठी जुन्या पद्धतीनं शिवलेले, पोटरीपर्यंत लांब, मऊ, पांढरे टुटू. मार्सलीन सांगायची की त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे असत आणि असल्या कापडानं पेट घेऊन मुली जळाल्या. आग लागू नये म्हणून कापड औषधात बुडवलं, तर ते पिवळं आणि ताठ व्हायचं. मुली म्हणायच्या, नको ते, आम्ही पांढरंच घालू. मला ते कधी पटलं नव्हतं. त्या रांगेत हात घातल्यावर थोडं पटलं. इतकं हलकं कापड मी कधी धरलं नव्हतं.

पुढच्या रांगेत गुडघ्यापर्यंत. मग त्याहून आखूड. नाचात पाय भराभर चालायला लागले तसे लोकांना ते पाहायचे होते, म्हणून घेर वर गेला. शेवटच्या रांगेत थाळीसारखे आडवे, आत पोलादी तार घातलेले. हल्ली रस्त्यावरच्या मुली तेच जीन्सवर घालून फिरतात. मार्सलीन अशी कुणी दिसली की थांबून तिचे टाके बघायची.

नवरीचा टुटू सापडला. पांढऱ्याचा पिवळट झालेला, सोनेरी नक्षीचा. चोळीच्या आत नाचणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्या एकीवर एक शिवलेल्या. सर्वांत खालच्या पट्टीवर १९७१. आमचं लग्न बहात्तरच्या एप्रिलमधलं.

मी खुर्चीवर बसलो आणि जाळीचे काठ बोटांनी चाचपायला लागलो. बारा थर होते. आठव्या थरावर असताना बर्तील सफरचंद खात आली.

"काय चाचपताय?"

"काठ. काठातच शिवतात ना केस?"

ती इतकी हसली की सफरचंद खाली ठेवावं लागलं. "अहो, टुटूला काठ शिवतात का कधी? जाळी नुसती कापतात. बावन्न वर्षं टुटूवालीचे नवरे होता तुम्ही!"

"घरी ती मोजेच रफू करायची."

"मग मघाशी सांगितलं का नाहीस" असं मी विचारल्यावर म्हणाली, "जेवण गार होत होतं."

तिनं टुटू मांडीवर घेतला. मधल्या थरावर तार जाण्यासाठी कापडाची बारीक नळी शिवलेली असते. "ही आमच्याशिवाय कुणी उघडत नाही," ती म्हणाली आणि चार टाके कापले. मग चिमट्यानं एकेक केस काढून टेबलावर ठेवायला लागली. एक सोनेरी. एक लाल. दोन काळे. एक तपकिरी.

"इतके?"

"नवरीचा टुटू एकच होता ना. मुली पुष्कळ. हे दोन काळे माझे."

"दोन कशाला?"

"लग्नं दोन झाली. दोन्ही नवरे असे निघाले की टाकाच चुकला असणार."

तपकिरी केसाच्या दोन्ही टोकांना दुहेरी गाठ होती. मार्सलीनचा एका गाठीवर विश्वास नसायचा. पावाच्या पिशवीलाही ती दोन गाठी मारायची, आणि सकाळी मी त्या सोडवत बसायचो. मी केस उचलून पाकिटात ठेवला.

"थांबा," बर्तील म्हणाली, "अजून एक आहे."

तो आखूड होता. राठ, करडा. दोऱ्याच्या तुकड्याला दुहेरी गाठीनं बांधलेला.

"हा कुठल्या मुलीचा नाही," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये मार्सलीनबाई आल्या होत्या. काठी टेकत. हाच टुटू अर्धा तास मागून घेतला. मला वाटलं, निरोप घ्यायला आल्यात."

ऑक्टोबरमध्ये तिनं नेहमीसारखे स्वयंपाकघरात माझे केस कापले होते. मधेमधे ती खुर्चीला टेकत होती. मी म्हटलं होतं, राहू दे, न्हाव्याकडे जातो. तिनं ऐकलं नाही.

"म्हणजे, वर्षाच्या आत माझं लग्न..." मी म्हणालो.

"माझ्याकडे बघू नका. माझी दोन झाली."

मला हसू आलं, मग नाक शिंकरावं लागलं. माझ्याबद्दल ती ठरवायची आणि मला नंतर कळायचं. आमचं असंच चाललं होतं.

मी करडा केस उचलला आणि परत नळीत सरकवला.

"हे चार टाके घाल."

"शुक्रवारी हा कापायचाय मला."

"माहीत आहे. तोवर तिनं ठेवला होता तिथंच राहू दे."

बर्तीलनं सुई ओवली.