चढ आला की उतरायचं

सीताराम ओव्हाळांनी जीप घेतली ती बायकोच्या गुडघ्यांसाठी. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे खुद्द ओव्हाळांनाच त्याचा विसर पडला.

सुंदराबाईंची थोरली बहीण मथुराबाई, म्हणजे अक्का, वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरावरच्या कोंढेवाडीत राहायची. एसटी पायथ्याला सोडून निघून जायची आणि तिथून वर पाच किलोमीटर नुसते धोंडे. साध्या गाडीचं पोट घासायचं आणि सुंदराबाईंचे गुडघे तर पहिल्याच वळणावर हात टेकायचे. म्हणून खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ओव्हाळांनी लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी जीप लिलावात घेतली, धायरीच्या सोसायटीत आणून उभी केली आणि बायकोला म्हणाले, "आता तुला थेट अक्काच्या अंगणात उतरवतो." सुंदराबाईंनी त्याच दिवशी बहिणीला फोन लावला. यंदा जांभळं पिकली की येते, म्हणाल्या. अक्का म्हणाली, "बिगी बिगी ये गं, डोळ्याम्होरं धुकं येतंय."

आता पुण्यात माणसाची तब्येत विचारण्याआधी त्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारतात. पहिल्याच रविवारी पार्किंगमध्ये श्रीधर नातू भेटले. नातू मूळचे नारायण पेठेतले. तिकडची जागा बिल्डरला देऊन धायरीला आले, पण येताना जीभ तिकडचीच घेऊन आले. त्यांची स्कूटर पंचावन्न द्यायची. त्यांनी विचारलं, किती देते? ओव्हाळांनी टाकी काठोकाठ भरून, मीटरचा आकडा टिपून, पुन्हा काठोकाठ भरून रीतसर मोजलं होतं, आणि खोटं बोलायची सवय नव्हती. सव्वासहा, ते म्हणाले. नातूंनी जीपभोवती एक सावकाश फेरी मारली.

"म्हणजे देत नाही, घेते," ते म्हणाले आणि दूध आणायला निघून गेले.

हे वाक्य ओव्हाळांना फार लागलं. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. एखादा नग एका ग्रॅमने चुकला तर अख्खी पेटी परत पाठवणारा माणूस, आणि त्याच्या दारात ही नापास जीप. त्यांनी त्याच संध्याकाळी घरात जाहीर केलं की जीप दहा देत नाही तोवर कोंढेवाडीला जायचं नाही. सुंदराबाई म्हणाल्या, पोचली म्हणजे झालं की. ओव्हाळ म्हणाले, असल्या विचारानेच देशाचं वाटोळं झालं. देशाचा आणि जांभळांचा काय संबंध, हे विचारायच्या भानगडीत सुंदराबाई पडल्या नाहीत.

मग सुरू झालं हलकं करणं. ओव्हाळांनी एक मोठा वजनकाटा आणला आणि जीपमधून निघेल ते काढून त्यावर ठेवलं. आधी स्टेपनी गेली. मग मागची बाकं गेली, मग टप, मग दारं. आरसे गेले, कारण आपल्याला पुढे जायचं आहे. वायपर गेले, कारण पावसात आपण बाहेर पडणार नाही. हॉर्न काढून त्यांनी स्वतः ओरडायला सुरुवात केली. नंतर नजर स्वतःकडे वळली. तीस वर्षं जोपासलेली मिशी त्यांनी एका सकाळी उतरवली आणि काट्यावर घातली. काटा हलला नाही, तर काट्यात दोष आहे म्हणाले.

चालवण्याचंही शास्त्र झालं. ब्रेक मारला की पेट्रोल फुकट जातं, म्हणून ब्रेक मारायचा नाही. सिग्नल लाल दिसला की ओव्हाळ डावीकडे वळायचे, गल्लीतून फिरून यायचे आणि तरी लाल असला तर पुन्हा फिरायचे. एकदा मुलीला, चैतालीला, ऑफिसला सोडायला निघाले आणि तिला एकाच चौकाचं सात वेळा दर्शन झालं. आठव्यांदा ती चालत्या गाडीतून उतरली. दारं नव्हतीच, त्यामुळे ते सोपं गेलं.

एका बाबतीत मात्र ओव्हाळांना स्वतःचा विलक्षण अभिमान होता. धायरी ते खडकी लोक अठरा किलोमीटर सांगत. ओव्हाळांच्या मीटरवर ते अकरा भरत. लोकांना रस्तेच माहीत नाहीत, ते म्हणत. जुन्या सहकाऱ्यांना भेटायला गेले की हा अकरा किलोमीटरचा मार्ग ते कागदावर काढून दाखवत. मार्ग सगळ्यांच्याच ओळखीचा निघायचा, पण ओव्हाळ साहेबांशी आकड्यावरून वाद घालायची छाती कारखान्यातही कुणाला झाली नव्हती.

आणि एवढं करून जीप देत होती साडेसहा.

तेव्हा त्यांचं लक्ष सुंदराबाईंकडे गेलं. चढावर गाडी जास्त पेट्रोल पिते आणि चढावर वजन नको, हे कोणत्याही शहाण्या माणसाला पटेल. नियम साधा होता. चढ आला की उतरायचं, उतार आला की चढायचं. पुलाच्या पायथ्याशी ओव्हाळ जीप जरा हळू करत, सुंदराबाई उतरत, पदर खोचून पूल चढत, आणि पलीकडे उताराच्या तोंडाशी ओव्हाळ इंजिन बंद करून घड्याळ बघत उभे असत. आंबेगावला लग्नाला जाताना त्या तीनदा उतरल्या आणि अक्षता संपल्यावर पोचल्या. रात्री गुडघ्यांना तेल लावताना त्या एकदाच म्हणाल्या, की ही गाडी गुडघ्यांसाठी घेतली होती ना? ओव्हाळ हिशेब करत होते. त्यांनी हूं म्हटलं, पण ऐकलं नाही.

जांभळांचे असे दोन हंगाम गेले. दर वर्षी अक्का कुणाच्या तरी हाती डबाभर जांभळं पाठवायची. दुसऱ्या वर्षी डब्यात निम्मी हिरवी निघाली. आता रंग कळत न्हाई, हाताला मऊ लागली ती घेतली, असा निरोप होता. सुंदराबाईंनी ती हिरवी जांभळं टाकली नाहीत. वाटीत घालून चार दिवस खिडकीत ठेवली.

तिसऱ्या वर्षी त्यांनी अक्कासाठी कैरीचं लोणचं घातलं, बरणी बांधली, लुगडं घेतलं आणि येत्या रविवारी जायचंच म्हणून सांगितलं. ओव्हाळ तयार झाले. पण रविवारी सकाळी निघताना त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लोणच्यातल्या कोयी काढल्या तर? कोयी काही कुणी खात नाही."

अक्काला कोयच लागायची. लहानपणी दोघी बहिणी एकाच कोयीवर भांडायच्या, आणि अक्का शेवटी ती अर्धी चोखलेली कोय सुंदरेच्या तोंडात घालायची. हे सुंदराबाईंनी नवऱ्याला लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. त्यांनी काट्यावरून पिशवी उचलली.

"अहो, कोयी राहू द्या. मीच उतरते," त्या म्हणाल्या, चप्पल घातली आणि बस स्टॉपकडे चालू लागल्या.

इथे कुणीही दुसरा माणूस मागे धावला असता. ओव्हाळांच्या मनात आधी आलं ते असं, की आता पासष्ट किलो कमी झाले. ते तसेच पंपावर गेले, टाकी भरली, मुद्दाम लांबचा फेरा मारला आणि परत भरली. साडेसहा. पासष्ट किलोंची बायको गेली आणि काही फरक पडला नाही. आता मात्र ते हादरले. जीपमधून अजून काय काढता येईल ते विचारायला ते खडकीला मैनुद्दीनकडे गेले. मैनुद्दीनने जन्मभर लष्कराच्या जीपा उघडल्या होत्या. आजवर ओव्हाळांनी जीपला परक्याचा हात लागू दिला नव्हता.

मैनुद्दीनने जीप पाहिली. तिच्यात काढण्यासारखं फक्त इंजिन उरलं होतं. त्याने विचारलं, किती देते? साडेसहा, ओव्हाळ म्हणाले, आणि सुरुवातीला तर सव्वासहाच द्यायची. मैनुद्दीन मीटरवर वाकला. मग खांद्यावरचं फडकं घेऊन त्याने मीटरची काच घासली. काचेवर लष्कराच्या काळापासूनचं तेल आणि धूळ होती. तिच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं उमटली.

"साहेब, हे किलोमीटर नाही. मैल आहे," तो म्हणाला.

माप वाचण्याआधी मापाचं एकक वाचा, हे ओव्हाळांनी चौतीस वर्षांत शेकडो पोरांना शिकवलं होतं. त्यांनी तिथेच पायरीवर बसून मनात गुणाकार केला. साडेसहा मैल म्हणजे साडेदहा किलोमीटर जवळजवळ. मग, करायला नको होता तो, दुसरा गुणाकार केला. पहिल्या रविवारचे सव्वासहा. दहा पूर्णांक सहा शतांश. नातू दूध आणायला गेले त्या सकाळीच जीप पास झाली होती. तीन हंगाम, सगळे पूल, गुडघ्यांचं तेल, खिडकीतली हिरवी जांभळं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की मैनुद्दीनने पुढे केलेला चहा त्यांना घेववेना.

ते उठले आणि कोंढेवाडीच्या दिशेने सुटले. ब्रेक मारले, इंजिन बंद केलं नाही, चढावर गिअर बदलून सरळ पाय दाबला. पायथा आला, धोंडे सुरू झाले, आणि दुसऱ्या वळणावर जीपची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. मागचं सगळं वजन काढलेलं, चाकांना जमीन पकडायला काही नव्हतं. ओव्हाळ उतरले आणि रस्त्यावरचे दगड उचलून जीपमध्ये भरू लागले. तीन वर्षं जे ग्रॅमग्रॅमने काढलं ते आता धोंड्याधोंड्याने परत घालत होते.

एवढ्यात खालून ट्रॅक्टर आला. कोंढेवाडीचा संभाजी चालवत होता, आणि मागे ट्रॉलीत खताच्या पोत्यांवर मांडीत बरणी घेऊन सुंदराबाई बसल्या होत्या. एसटी उशिरा आली होती आणि ट्रॅक्टरची वाट बघण्यात दुपार गेली होती. संभाजीने ट्रॅक्टर थांबवला आणि दगड भरणाऱ्या पावण्याकडे पाहिलं.

"आमच्यात ह्ये दगुड फुकट हायेत पावणं, पुन्याला न्यायचं काय?" त्याने विचारलं.

ओव्हाळांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते ट्रॉलीपाशी आले आणि सगळं सांगून टाकलं. मैल, काच, फडकं, काही लपवलं नाही. सुंदराबाई ऐकत राहिल्या.

"म्हणजे पहिल्या दिवशीच दहा होतं," त्या म्हणाल्या.

"दहा पूर्णांक सहा शतांश," ओव्हाळ म्हणाले. सवय जात नाही. मग त्यांनी ट्रॉलीच्या कडेवर हात ठेवला. "चुकलो मी, सुंदरा. चल, बस गाडीत. तुझ्याशिवाय ती चढत नाही."

सुंदराबाईंनी एकदा वर डोंगराकडे पाहिलं. "चढ आहे," त्या म्हणाल्या. "नक्की चढायचं ना?"

ओव्हाळांनी बरणी हातात घेतली आणि त्यांना धरून उतरवलं. वजन मागे हवं होतं आणि मागे बाकं नव्हतीच, म्हणून त्यांनी दगडांवर स्वतःचा शर्ट घडी करून घातला. सुंदराबाई बसल्या आणि चाकांनी जमीन पकडली. बनियनवरचे ओव्हाळ एकही वळण न चुकवता, एकदाही त्यांना न उतरवता जीप वर घेऊन गेले.

अक्का अंगणात बाजेवर बसली होती. आवाजाच्या दिशेने तिने मान वळवली, पण नजर दोघांच्या मधून पलीकडे गेली. सुंदराबाई जवळ जाऊन बसल्या. अक्काने त्यांचा चेहरा चाचपला, मग खांदे, मग दंड, आणि दंडावर तिचा हात थांबला.

"सुंदरे, किती हलकी झालीयास गं," ती म्हणाली. "खात न्हाईस का काय?"

ओव्हाळांनी हातातली बरणी पुढे केली.

"खाते गं," सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून बरणी घेतली, झाकणाचं फडकं सोडलं, एक कोय काढून बहिणीच्या हातावर ठेवली. "जीपचं अ‍ॅव्हरेज वाढवत होतो, अक्का."