दल बापाकडून येतं

मंगळवारी समुद्राला सुट्टी. त्या दिवशी आपामच्या किनाऱ्यावरून एकही होडी पाण्यात जात नाही, पुरुष घरी सापडतात. म्हणूनच राजधानी अक्राहून आलेल्या संशोधकांनी मंगळवार निवडला होता. शाळेच्या पडवीत टेबलं मांडून ते चाळिशीपुढच्या पुरुषांचं रक्त घेत होते. इथल्या पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर इतका का गाठतो, ते त्यांना शोधायचं होतं. चार वाजता ते आवरून निघणार होते.

अडीच वाजले तरी एको वाळूत जाळं पसरून बसलेलाच होता. त्याची थोरली बहीण अराबा तिसऱ्यांदा आली.

"उठतोस का?"

"ताई, तू आधी बस. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालतेयस."

"याच आजारानं बाबा गेले, त्याला चार महिने झाले. पाठ दुखते म्हणायचे आणि आपण तेल चोळत बसलो." चोळणारे हात तिचेच होते, ते तिनं काळ्या लुगड्यात गुंडाळून घेतले. "तुला सत्तेचाळीस वर्षं झाली, एको."

"अगं, पण बाबांचं रक्त माझ्यात येईल कुठून? रक्त आईचं असतं. मी आईच्या घराण्यातला. बाबांचा आजार जाईल तर त्यांच्या बहिणीच्या पोराकडे जाईल. घर कोबिनाला मिळालं, होडी कोबिनाला मिळाली. आता हेही त्यालाच घेऊ दे की!"

शेजारी जाळं विणणारे दोघं खदखदून हसले. आतेभाऊ कोबिना खरंच सकाळी उजाडताच रांगेत उभा होता. घरासोबत आजारही आपल्याकडे आला, अशी त्याला भीती होती. नर्सनं त्याचं रक्त घेतलं आणि तेव्हाच अराबाला विचारलं होतं, "आणि मुलगा? तो कुठाय? त्याला आधी आणा."

एको हलेना, म्हणून अराबा एबोमामाकडे गेली. भाच्यावर मामाचा हुकूम चालतो.

"चालतो ना," मामा म्हणाला. "लग्न कर म्हणालो, त्यानं केलं. पण हे बापाकडचं प्रकरण. त्यांच्या घरी विचार."

त्यांच्या घरी आत्यानं तिला पाणी दिलं आणि मान हलवली. "एको आमच्या घरातला नव्हे गं. बापाला शवपेटी मुलांनी द्यायची असते, ती तुम्ही दिलीत, तुमचं काम झालं. त्याला आम्ही काय सांगणार?"

सव्वातीन. ती रस्त्यावर उभी राहिली. आईचं घर म्हणतं बापाचं, बापाचं घर म्हणतं आईचं. मग बापाकडून मुलाला मिळतं तरी काय? समोरच्या चौथऱ्यावर रंगवलेला सिंह होता, वर झेंड्याची काठी. हा गावच्या पुरुषांच्या दलाचा चौथरा. दल! पूर्वी लढाईला जाणारं, आता समुद्रात हरवलेल्यांना शोधणारं. त्यात माणूस जातो तो बापामागून. बाबांच्या जागी आता एकोच उभा राहत होता.

दलाचे प्रमुख, म्हणजे सुपी, ओतू मासे निवडत होते.

"आजारासाठी दल बोलवू? लोक हसतील, पोरी."

"बुडणाऱ्यासाठी बोलवताच ना?"

म्हाताऱ्याचे हात थांबले. "ते लोक मागून बोट घालून तपासतात म्हणे."

"आज फक्त रक्त. दंडातून. मी बघून आलेय."

"नक्की?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "दोन वर्षं झाली. मी लघवीला उभा राहिलो की तेवढ्यात बायकोचा भात शिजून होतो."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"सुपीनं बोलायचं असतं का हे?" हात धुऊन त्यांनी खुंटीवरची घंटा काढली. "पण माणसांना पुढे ढकलून मी मागे राहिलो, तर उद्या माझा हुकूम कोण ऐकेल? चल."

घंटा ऐकून किनाऱ्यावरची जाळी तशीच पडली. कोण बुडालं, कोण बुडालं, करत बावीस जण धावत आले. सुपींनी त्यांना शाळेकडे वळवलं, तेव्हा शिव्या सुरू झाल्या. सर्वांत मोठा आवाज एकोचा.

"ही तुझी कारस्थानं, ताई! दलाचं हसं केलंस!"

"दलातून बाहेर पडायचंय का तुला?" सुपींनी विचारलं. तो शाळेकडे चालू लागला.

नर्सनं बंद केलेली पेटी पुन्हा उघडली. पहिल्या खुर्चीत सुपी बसले, डोळे घट्ट मिटून. एकोची पाळी आली तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. बाहेर गाडीचा चालक हॉर्न वाजवत होता. अराबा दारातून खिडकीशी, खिडकीतून दाराशी करत राहिली.

"वडिलांना होता हा आजार?" नर्सनं विचारलं.

एकोनं बाही वर सरकवली.

"होता," तो म्हणाला.

सुई आत गेली. कागदावर खूण करत नर्सनं पुढचं विचारलं, "तुम्हाला मुलगे किती?"

"तीन."

म्हणाला आणि त्यानं दुपारपासून पहिल्यांदाच मान वळवून अराबाकडे पाहिलं. रागानं नव्हे. निकाल तीन आठवड्यांनी फोनवर कळेल, असं नर्स सांगत होती. दोघांपैकी कुणीच ते नीट ऐकलं नाही.